एकोणतीस जूनचे पत्र

जांब समर्थमध्ये वाढलेल्या पोराला 'सावधान' या शब्दाची गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. सूर्याजीपंत ठोसरांचा धाकटा मुलगा नारायण अंतरपाटामागे उभा होता. भटजींच्या तोंडून तो शब्द आला आणि नारायण आसनगावच्या मांडवातून जो पळाला तो गोदाकाठ धरून नाशिकला पोचला, अशी परंपरा आहे. पुढे त्याचे समर्थ रामदास झाले. शाळेत आम्हाला पळून जाण्याची आणखी एक गोष्ट होती. तिचा नायकही नाशिककडचाच, भगूरचा. गुरुजी ती सांगताना दोन्ही हात फेकून पोहून दाखवायचे. आमच्या वर्गात समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. पुरात आलेली गोदावरी हेच आमचे मोठ्यात मोठे पाणी. म्हणून आम्ही मनात शंभर गोदावऱ्या शेजारीशेजारी मांडायचो आणि त्यातून सावरकरांना पोहायला लावायचो.

पुढे कागद वाचले तेव्हा कळले की पाणी तेवढे नव्हते. सावरकरांना कैदी म्हणून नेणारी मोरिया बोट फ्रान्समधल्या मार्सेलिसच्या बंदरात धक्क्यालगत उभी होती. पोहणे थोडेच झाले, धावणे जास्त. हे वाचून माझ्या मनातला सावरकरांचा पराक्रम उणावला नाही. पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत बोटीच्या गोल खिडकीतून अंग काढून उडी टाकायला जी छाती लागते ती पाण्याच्या लांबीवर मोजत नाहीत. पण कागदांत दुसरेच काही सापडले आणि तेच मला आजवर सोडत नाही. उडीच्या नऊ दिवस आधी लंडनच्या पोलिसांनी पॅरिसच्या पोलिसांना एक पत्र धाडले होते. सावरकर निसटले होते ते चार पहारेकऱ्यांच्या हातून. त्या पत्राच्या हातून ते सुटले नाहीत.

या प्रकरणाचा एक धागा आमच्या भागातून जातो. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला कलेक्टर जॅक्सन आला होता. तिथे त्याला गोळ्या घालणारा अनंत लक्ष्मण कान्हेरे हा मूळचा रत्नागिरीकडचा, पण शिकत होता औरंगाबादला, निजामाच्या राज्यात. जालना, अंबड, जांब हा सगळा मुलूख तेव्हा निजामाचाच. त्याच्या थोडे आधी औरंगाबाद आणि जालन्यावरून मनमाडला मिळणारा लोहमार्ग झाला होता आणि मनमाडहून नाशिक जवळ. अठरा वर्षांचा तो पोरगा याच वाटेच्या टापूतला. कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासह त्याला १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले.

पिस्तूल ब्राउनिंग बनावटीचे होते. अशी वीस पिस्तुले लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन याच्या हाती पाठवली, असे सरकारचे म्हणणे होते. हा अमीन हायगेटच्या इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकी होता आणि पुढे माफीचा साक्षीदार झाला. १९०९ च्याच जूनमध्ये सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांना कविता छापल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्राने कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला ठार केले होते. जॅक्सनच्या खुनानंतर लंडनमध्ये राहणे अवघड झाले तेव्हा सावरकर १९१० च्या जानेवारीत पॅरिसला मादाम कामांकडे गेले. तिथे ते सुरक्षित होते. तरीही ते परतले आणि १३ मार्चला व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडले गेले.

पॅरिसहून इंग्लंडने सावरकरांना मागून घ्यायचे ठरवले असते तर १८७६ चा प्रत्यार्पणाचा करार आडवा आला असता, कारण राजकीय गुन्ह्यासाठी माणूस परत द्यायचा नाही हे त्यात होते. लंडनहून मुंबईला न्यायला मात्र कसलीच अडचण नव्हती. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात पळालेल्या आरोपीसाठी १८८१ चा वेगळा कायदा होता. त्यात राजकीय आरोपीला कसलीही सूट नव्हती. बो स्ट्रीटच्या न्यायाधीशाने हुकूम दिला, वरच्या न्यायालयांनी तो उचलून धरला. गृहमंत्री होते विन्स्टन चर्चिल. १ जुलै १९१० रोजी सावरकरांना मोरियावर चढवले. सोबत स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर पार्कर, मुंबई पोलिसांचा अधिकारी पॉवर आणि दोन हिंदी शिपाई.

आता त्या पत्राकडे येतो.

२९ जूनला, म्हणजे बोट निघण्याच्या दोन दिवस आधी, लंडनच्या पोलीसप्रमुखाने पॅरिसच्या सुरेते जनरालच्या, म्हणजे तिथल्या सरकारी पोलीस खात्याच्या, संचालकाला लिहिले की सावरकर नावाचा हिंदी कैदी मोरियावरून नेला जात आहे आणि बोट ७ किंवा ८ जुलैला मार्सेलिसला लागेल. बोट बिघडल्यामुळे अचानक मार्सेलिसला थांबली, असे आपल्याकडे बरेचदा सांगितले जाते. या पत्रासमोर ते टिकत नाही. पत्र मिळताच ४ जुलैला पॅरिसच्या गृहखात्याने मार्सेलिसच्या प्रीफेक्टला, म्हणजे तिथल्या जिल्हाप्रमुखाला, तार केली. युरोपात असलेले काही हिंदी क्रांतिकारक या माणसाच्या सुटकेचा प्रयत्न करतील, तो होऊ नये अशी तजवीज ठेवा, असा तारेचा आशय. बोट लागली तेव्हा फ्रेंच पोलिसांचा एक अधिकारी वर गेला, कप्तानाला भेटला, इंग्रज पोलीस अधिकाऱ्याशी बोलला आणि मदतीला तयार असल्याचे सांगून उतरला.

एका स्वतंत्र देशाच्या किनाऱ्यावरून परका राजकीय कैदी जाणार आहे, हे त्या देशाच्या संसदेला ठाऊक नव्हते. वर्तमानपत्रांना नव्हते. दोन पोलीस खात्यांनी आपसात उरकलेली ती गोष्ट होती. ज्याच्याबद्दल हा पत्रव्यवहार चालला होता त्याला तर याचा मागमूसही नव्हता. फ्रान्सच्या मातीला पाय लागला की आपण इंग्रजांच्या हाताबाहेर गेलो, एवढ्याच विश्वासावर त्याने पुढचे पाऊल टाकले.

८ जुलैची सकाळ, सहा ते सातच्या दरम्यान. शौचाला जायचे म्हणून सावरकर गेले, आतून दार लावले, गोल खिडकीतून अंग काढले आणि उडी टाकली. अंगावर कपडे जवळजवळ नव्हतेच. धक्क्याला लागून ते पळत सुटले. मागून बोटीवरचे लोक ओरडत उतरले. धक्क्यावरच्या लोकांनीही 'धरा, धरा' सुरू केले. तिथे फ्रेंच सागरी पोलिसांतला एक ब्रिगेडियर पहाऱ्यावर होता. आपल्याकडे ब्रिगेडियर म्हटले की मोठा सेनाधिकारी डोळ्यांपुढे येतो. तिकडचा हा हुद्दा आपल्या हवालदाराच्या तोडीचा. तो पाठीमागे धावला आणि सुमारे पाचशे मीटरवर त्याने सावरकरांना गाठले. हा कोणी खलाशी असावा, बोटीवर काही गुन्हा करून पळत असावा, असे त्याला वाटले. त्याने दंड धरला आणि सावरकर मुकाट्याने त्याच्याबरोबर चालू लागले. त्यांचा हिशेब असा की फ्रेंच पोलिसाने धरले, तो फ्रेंच न्यायाधीशापुढे नेईल. त्याने नेले सरळ मोरियावर. तोवर दोन हिंदी शिपाई आणि एक खलाशी येऊन मिळाले होते. बोटीच्या डेकवर पाय पडेपर्यंत ब्रिगेडियरने पकड ढिली केली नाही.

मादाम कामा आणि व्ही. व्ही. एस. अय्यर मोटार घेऊन निघाले होते, त्यांना पोचायला थोडा उशीर झाला, असे सांगितले जाते. आम्ही पोरे त्या उशिरावर फार हळहळायचो. आता मात्र वाटते की हळहळायचे तर पुढच्या दिवसाबद्दल. कारण मोरिया लगेच निघाली नाही. ८ जुलैचा सगळा दिवस आणि रात्र ती मार्सेलिसमध्येच होती. फ्रान्सच्या भूमीवर पकडलेला माणूस फ्रान्सच्याच बंदरात, इंग्रजांच्या ताब्यात, बेड्यांत बसला होता. प्रीफेक्टच्या कचेरीला झाले ते कळले होते. एका अधिकाऱ्याने 'थांबा, याचा विचार झाला पाहिजे' एवढे म्हटले असते तरी बोट निघू शकली नसती. ते शब्द कोणी उच्चारले नाहीत. ९ जुलैला मोरिया सुटली. त्याच तारखेचे एक उत्तर पॅरिसहून लंडनला निघाले. त्यात सुरेतेचा संचालक कळवतो की सावरकर मार्सेलिसमध्ये असताना कसलाही प्रकार घडू नये म्हणून आवश्यक त्या सूचना दिलेल्या आहेत.

ती तारीख मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. प्रकार घडून गेला होता, माणूस परत गेला होता, बोट समुद्राला लागली होती, आणि कागद शांतपणे आपले काम करत होता.

बातमी फुटली तेव्हा फ्रान्समध्ये संताप उसळला. समाजवादी पुढारी झां जोरेस यांच्या 'ल्युमानिते' या पत्राने तो आवाज उठवला आणि त्यात पुढे होते झां लोंगे, कार्ल मार्क्सच्या मुलीचे चिरंजीव. मार्क्सला आसरा दिला होता लंडनने. त्याचा नातू आता लंडनच्या तावडीतल्या एका हिंदी माणसासाठी फ्रान्सचा धर्म काय, हे आपल्या सरकारला विचारत होता. इंग्लंडमध्ये गाय आल्ड्रेड या तरुणाने सावरकरांच्या सुटकेसाठी समिती काढली. 'इंडियन सोशॉलॉजिस्ट' हे नियतकालिक छापल्याबद्दल हा आदल्याच वर्षी तुरुंगात गेलेला होता.

इथे काही गोष्टी सरळ करून घेतल्या पाहिजेत, कारण मराठीत त्या चरित्रांतून चरित्रांत उतरत आल्या आहेत. जोरेस मार्सेलिसचे महापौर नव्हते. ते तार्न भागातून निवडून आलेले खासदार होते. आणि या प्रकरणामुळे फ्रान्सचे पंतप्रधान ब्रियां यांना राजीनामा द्यावा लागला, हेही खरे नाही. ब्रियां मंत्रिमंडळ २७ फेब्रुवारी १९११ ला गेले, या प्रकरणाचा हेगच्या लवाद न्यायालयातला निवाडा २४ फेब्रुवारीला आला. तारखा लागून आहेत, म्हणून दोन्हींची गाठ मारली गेली. ब्रियां पडले ते धार्मिक संघांवरच्या कायद्यांच्या अंमलबजावणीवरून, तिथल्या घरच्या भांडणात. आपल्या माणसासाठी दूरच्या देशातले सरकार कोसळले असे मानायला कोणाला आवडणार नाही? पण ज्या सरकारने दोनदा कागदावर मदत दिली ते सावरकरांमुळे पडले, असे म्हटले की त्या कागदांचा दोषच पुसला जातो.

सरकारे अशा कारणाने पडू शकतात, हे खरे आहे. पडलेही होते, पण बावन्न वर्षे आधी आणि लंडनमध्ये. १८५८ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये ओर्सिनीने तिसऱ्या नेपोलियनवर बाँब टाकले. कट लंडनमध्ये शिजला होता. फ्रान्सने डोळे वटारले, पंतप्रधान पामर्स्टन यांनी कायदा कडक करणारे विधेयक आणले, आणि परक्या बादशहाच्या धाकाने आपला कायदा वाकवता काय, म्हणून पार्लमेंटने त्यांनाच घरी बसवले. कटातला साथीदार म्हणून उभा केलेला सिमों बर्नार लंडनच्या ज्यूरीने सोडून दिला. आश्रयाच्या हक्काचा इंग्रजांना एवढा अभिमान होता. १९१० मध्ये तोच हक्क एका हिंदी माणसाने फ्रान्सच्या धक्क्यावर मागितला तेव्हा त्या अभिमानाची आठवण ठेवणारे इंग्लंडमध्ये थोडेच उरले होते.

फ्रेंच सरकारवर दडपण इतके आले की त्याला सावरकरांची मागणी करावी लागली. परराष्ट्रमंत्री पिशों यांचे म्हणणे कायद्याने बिनतोड होते. आमच्या भूमीवर माणूस आला, की त्याला द्यायचे की नाही हे आमच्या कायद्याने ठरते, एका हवालदाराच्या हाताने नव्हे. इंग्रज परराष्ट्रमंत्री ग्रे यांना तो परत द्यायचा नव्हता. आणि दोघांनाही भांडायचे नव्हते. ८ एप्रिल १९०४ ला इंग्लंड-फ्रान्सचे जुने वैर मिटून मैत्रीचा करार झाला होता, समोर जर्मनीचे आरमार वाढत होते. या दोस्तीला एका हिंदी कैद्यापायी तडा जाऊ द्यायचा नाही, यावर दोन्हीकडे एकमत होते. मग वाट निघाली ती लवादाची. २५ ऑक्टोबर १९१० ला करार झाला आणि प्रश्न हेगच्या कायम लवाद न्यायालयाकडे गेला.

त्या प्रश्नाची मांडणीच बघण्यासारखी आहे. सावरकरांना कोणता हक्क आहे, हे त्यात कुठेच नव्हते. आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे इंग्लंडने त्यांना फ्रान्सला परत द्यावे की देऊ नये, एवढेच विचारले होते. दोन राज्यांच्या हद्दीचा तंटा असावा तसे. ज्याच्यावरून हा तंटा, त्याला पक्षकार म्हणून तिथे जागा नव्हती. आश्रय हा आश्रिताचा हक्क आहे की आश्रयदात्याच्या मर्जीचा मामला आहे, हा खरा प्रश्न बाजूला राहिला.

तिकडे मुंबईत कोणी हेगसाठी थांबले नाही. सावरकर २२ जुलैला मुंबईला उतरले आणि सप्टेंबरात खास न्यायासनापुढे नाशिक कटाचा खटला उभा राहिला. आरोपी अडतीस. मुख्य न्यायमूर्ती बेसिल स्कॉट, न्यायमूर्ती हीटन आणि तिसरे आपलेच नारायण चंदावरकर, प्रार्थना समाजाचे, १९०० सालच्या काँग्रेसचे अध्यक्ष. ज्यूरी नाही, अपील नाही. बॅ. जोसेफ बॅप्टिस्टा यांनी बाजू मांडली की आरोपीला फ्रान्सच्या भूमीवरून बेकायदा आणलेले आहे. न्यायासनाने सांगितले, आरोपी आमच्यापुढे उभा आहे, तो कसा आला हे आम्हाला पाहायचे नाही. सावरकरांनी आपण या न्यायालयाचा अधिकार मानत नाही असे सांगून खटल्यात भाग घेतला नाही. १९१० च्या डिसेंबरअखेर पहिली जन्मठेप, ३० जानेवारी १९११ ला दुसरी. मिळून पन्नास वर्षे, सुटकेचे साल १९६०. हेगमधली पहिली बैठक अजून पंधरा दिवसांवर होती.

ती भरली १४ फेब्रुवारीला. पाच पंच होते: बेल्जियमचे बेर्नार्ट, फ्रान्सचे लुई रनो, इंग्लंडचे लॉर्ड डेसार्ट, नॉर्वेचे ग्राम आणि हॉलंडचे साव्होर्निन लोमान. बेर्नार्ट आणि रनो या दोघांना शांततेचे नोबेल मिळालेले होते. पंधरवड्याच्या आत, २४ फेब्रुवारीला निकाल लागला. पंचांनी मान्य केले की सावरकरांना पकडून इंग्रज पोलिसांच्या हवाली करण्यात अनियमितता झाली. पण परक्या देशाच्या अधिकाऱ्याने चूक करून ताब्यात दिलेला कैदी परत केलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही. इंग्लंडने सक्ती केलेली नाही, फसवणूक केलेली नाही. दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांच्या संमतीने वागत होते आणि बोट सुटेपर्यंत ब्रिगेडियरचे कृत्य चूक होते असे फ्रान्सच्या कोणी म्हटले नाही.

ही संमती पंचांनी कुठून काढली? २९ जूनचे पत्र, ४ जुलैची तार, ९ जुलैचे उत्तर, आणि १३ जुलैला प्रीफेक्टने गृहमंत्र्याला पाठवलेला खुलासा. निवाड्यात हे कागद एकामागून एक येतात. फ्रान्सचे सरकार हेगला सावरकर मागायला गेले आणि त्याच्याच पोलिसांच्या कागदांनी त्याला हरवले. इथे मला पंचांच्या न्यायबुद्धीशीच भांडावेसे वाटते. त्या कागदांत फ्रान्सने कबूल केले होते ते बोटीवरच्या कैद्याला सोडवायला बाहेरून कोणी येऊ नये, एवढेच. आमच्या भूमीवर आलेला माणूस चौकशीवाचून परत देऊ, असे त्यात कुठेही नव्हते. पहाऱ्याच्या कबुलीला हस्तांतराची कबुली ठरवून पंच मोकळे झाले.

सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दल महाराष्ट्रात जे टोकाचे वाद आहेत ते इथे आणण्याचे कारण नाही. सत्तावीस वर्षांचा हा माणूस तेव्हा जो हक्क मागत होता, तो उद्या त्याच्या कट्टर विरोधकालाही लागू शकतो.

आणि तो लागला, फार वेगळ्या माणसांना. २००१ नंतर अमेरिकेच्या सीआयएने संशयितांना विमानांतून गुपचूप देशोदेशी हलवायला सुरुवात केली. मोरियाच्या जागी छोटी जेट विमाने आली, मार्सेलिसच्या जागी मित्रराष्ट्रांचे विमानतळ. आपल्या भूमीचा असा वापर झालेला नाही, असे ब्रिटनच्या मंत्र्यांनी वारंवार सांगितले होते. २१ फेब्रुवारी २००८ ला परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना पार्लमेंटमध्ये माफी मागावी लागली, कारण २००२ मध्ये अशी दोन विमाने हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर इंधनासाठी उतरली होती आणि दोहोंत एकेक कैदी होता. इटलीच्या न्यायालयाने मिलानमधून एका इमामाला पळवल्याबद्दल २००९ मध्ये तेवीस अमेरिकनांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरवले. २०१४ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने पोलंडला दोषी धरले, कारण त्याच्या भूमीवर गुप्त तुरुंग चालू दिला गेला होता.

मार्सेलिसची सर्वांत जास्त आठवण देते ती कॅनडाची गोष्ट. माहेर अरार हा कॅनडाचा नागरिक २००२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडला गेला आणि जॉर्डनमार्गे सीरियाच्या तुरुंगात पोचवला गेला. तिथे त्याचा छळ झाला. चौकशीत निघाले की कॅनडाच्या पोलिसांनी त्याच्याबद्दल चुकीची माहिती अमेरिकन पोलिसांना दिली होती. इथेही पोलिसाकडून पोलिसाकडे गेलेला कागद होता. मात्र इथे २००६ च्या डिसेंबरात कॅनडाच्या पोलीसप्रमुखाला पद सोडावे लागले, पुढच्या महिन्यात सरकारने माफी मागितली आणि एक कोटी पाच लाख डॉलर भरपाई दिली. अरार बाहेर आला आणि आपल्या तोंडाने बोलला, हा मोठा फरक. कॅनडाच्या चौकशीला त्याचे ऐकावे लागले. हेगमध्ये सावरकरांचे एक वाक्यही कोणाला ऐकून घ्यावे लागले नव्हते.

हेगचा निकाल लागल्यावर सावरकरांना अंदमानला न्यायची तयारी सुरू झाली. 'महाराजा' बोटीने ते पोर्ट ब्लेअरला उतरले आणि सेल्युलर जेलच्या दप्तरात दाखल झाले ती तारीख ४ जुलै १९११. पॅरिसच्या गृहखात्याने मार्सेलिसच्या प्रीफेक्टला सावध राहण्याची तार केली होती त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले.